माझ्या सुईण आत्याच्या वह्या

चौथीचा तास चालू असताना शिपाईमामा फोन आल्याचं सांगायला आले. कऱ्हाटीहून आबा, माझे वडील, बोलत होते. "तुझी पणदऱ्याची आत्या गेली गं..." एवढंच म्हणाले. मी वर्गात परत आले आणि मुलांकडून राहिलेला पाढा म्हणवून घेतला. रडू आलं नाही. सहा वर्षं मी तिला भेटलेच नव्हते, मग रडायचा हक्क तरी कुठला?

आत्या सुईण होती. नवऱ्यानं टाकल्यावर पणदऱ्यातच एका खोलीत एकटी राहायची. शिक्षण चौथीपर्यंत, पण आमच्या घरात वही जवळ बाळगणारी ती पहिली. मी बी. ए. झाले तेव्हा गावभर पेढे तिनंच वाटले. तिच्या कामाची एक रीत होती. अडलेल्या बाईजवळ बसली की आधी विचारायची, "शेवटची गरम भाकरी कधी खाल्लीस?" आणि सासूला तवा ठेवायला लावायची. एका सासूनं टोमणा मारला होता, "बाळंतपणाला आलीस का जेवायला?" आत्या म्हणाली, "जेवायलाच आले म्हण की. पर ताट हिच्यापुढं ठेव."

माझ्या बाळंतपणाला मी भवानीनगरहून माहेरी आले, तेव्हा आत्यानं पोट चाचपलं आणि "समदं बेस हाय" म्हणाली. मी तिच्या तोंडावर म्हणाले, "आत्या, मी शिकलेय. मला बारामतीच्या दवाखान्यातच जायचंय." ती हसली, चहा प्याली आणि एसटीनं निघून गेली. आठवडाभर दवाखान्याला नाही म्हणणाऱ्या आबांनी दुसऱ्याच दिवशी जीप आणली. मला वाटलं, मी जिंकले. ऑपरेशन झालं, मुलगी झाली. बारशाला आत्या नव्हती. मग बायका बोलू लागल्या, "सख्ख्या भाचीला चालली न्हाय, आपून कशाला बोलवायची?" तिला येणारी बोलावणी आटत गेली. हे कानावर आल्यावर तिच्या दारात जायला मला तोंडच राहिलं नाही.

दहाव्यानंतर आबांनी तिच्या वह्यांचं गाठोडं माझ्या हातात दिलं. मला वाटलं, जन्माची वार-वेळ असेल. ती होतीच, पण त्या नोंदीखाली बायका होत्या. 'चौथी खेप. सकाळपर्यंत उसात खुरपत होती. गरम भाकरी दिवाळीत, माहेरी.' 'हिला काय विचारलं की उत्तर सासूच देती.' 'पोरगी झाली. नवरा आत आला न्हाय. निघताना हिनं माझा पदर धरला, म्हणली, अजून थोडं बसा.' एवढ्या वर्षांत इतिहासाची पुस्तकं मी शिकले आणि शिकवली. त्यांत या बायका मला कुठंच भेटल्या नव्हत्या...

एक्क्याण्णवच्या वहीत मी सापडले.

'भाचीला बघितलं. मूल आडवं हाय. घाबरंल म्हणून बोलले न्हाय. भावाला गोठ्यात गाठलं, म्हणलं उद्याच बारामतीला ने, हे माझ्या हाताबाहेरचं हाय. माझं नाव काढू नको. शिकलेल्या पोरीचं ऐकलं, असं तिला वाटू दे.'

त्यापुढची पानं छोट्या ओळींची. 'आज कुणी आलं न्हाय.' 'वरच्या आळीत पोरगा झाला म्हणं.' 'कुणी आलं न्हाय.'

वही घेऊन मी आबांकडे गेले. "तुम्ही सहा वर्षं गप्प बसलात?"

आबा म्हणाले, "तिनं शपथ घातली व्हती. बायका वंगाळ बोलाया लागल्या तवा मी म्हणलं, सांगून टाकू. तर म्हणली, बोलू दे. तेवढ्यानं बाया दवाखान्यात जात्याल, तर बरंच हाय की."

ती रागावली असेल म्हणून मी गेले नाही. मी लाजत असेन हे ओळखून तीही आली नसेल. असं मी आता धरून चालते, विचारायला कुणी उरलेलं नाही.

गेल्या रविवारी मुलीला घेऊन पणदऱ्याला गेले. खोली रिकामी झालेली, भिंतीला चुलीचा काळा डाग तेवढा शिल्लक. मुलीनं विचारलं, "आई, इथं कोण राहायचं?"

"तू पोटात आडवी आहेस हे जिनं आधी ओळखलं, ती आजी."

"मग ती मला बघायला का नाही आली?"

"मी तिला बारशाला बोलावलं नव्हतं," मी म्हणाले. इतक्या वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं, आणि तेही तिच्या रिकाम्या खोलीत.