कळंबच्या बांधावर मी बिबट्या ठरले

सायकलवरून फिरायला जाताना कॅमेऱ्याचं काय काय घ्यावं, असं या ब्लॉगवर बरेच जण विचारतात. यावेळी उत्तर देते, पण आधीच सांगून ठेवते. या सहलीत लोकांनी मला बिबट्या समजून काठ्या उगारल्या, आणि त्या सकाळचा तो सगळ्यात मोठा धक्का नव्हता.

तर सुरुवात बॅगेपासून. बारामती, सुपे, कळंब, भिगवण आणि परत बारामती असा बेत होता. नवरा, म्हणजे मिलिंद, आणि मी. फेब्रुवारी संपत आला होता, म्हणजे उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी अजून असणार. मला मोठी झूम लेन्स हवीच होती. मिलिंदचं म्हणणं, ज्या सायकलला माझे कपडे जड होतात तिच्यावर ही तोफ कशाला? आठवडाभर आमच्या हॉलमध्ये हाच विषय. मी बॅगेत ठेवायचे, तो काढायचा.

"तू पक्षी बघायला निघालीस की लग्नाचं शूटिंग करायला?" त्याने विचारलं.

शेवटी तह झाला. ट्रायपॉड घरी. वाइड लेन्स घरी, कारण देखाव्याला फोन पुरतो. एक बॉडी, एक मोठी लेन्स, जादा बॅटऱ्या. ट्रायपॉडऐवजी रिकामी कापडी बीन बॅग घेतली. ही युक्ती लिहून ठेवा: पिशवी रिकामी न्यायची आणि मुक्कामी तांदूळ नाहीतर मका मागून भरायची. लेन्स तिच्यावर छान टेकते आणि वाटेत वजन होत नाही. शिवाय मी नवा पोंचो, म्हणजे डोक्यावरून घ्यायचा सैल झगा, घेतला, पक्ष्यांपासून लपायला. वाळक्या गवताच्या रंगाचा, त्यावर काळेतपकिरी ठिपके. दुकानात मला तो फार आवडला होता. अकलेचे तारे तोडले ते तिथेच.

पुण्याहून गाडीच्या कॅरियरवर सायकली लादून बारामतीला आलो, गाडी मैत्रिणीच्या दारात लावली आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सुप्याला निघालो. बारामतीच्या बाजूला हिरवंगार, आणि सुप्याकडे जसजसं जावं तसतसा तो हिरवा रंग आटत जातो. वारा समोरून. मयूरेश्वर अभयारण्यात सायकली दारात ठेवून वाटाड्याबरोबर आत गेलो. वेळा आणि फी आधी विचारून घ्या, बदलत असतात. चिंकारा दिसले, पण लांब, इतके लांब की मिलिंदच्या फोनमध्ये ते ढेकळांसारखे वाटत होते. माझ्या लेन्समध्ये एकाच्या पापण्या दिसल्या. मी फोटो त्याच्या नाकासमोर धरला. परतीच्या वाटेवर त्याने तोफेची पिशवी मुकाट्याने स्वतःच्या सायकलला लावली. सुप्यात बाजारपेठेतल्या एका टपरीवर पिठलं-भाकरी आणि ठेचा खाल्ला. ठेचा जपून घ्या.

संध्याकाळी मुक्कामाला बारामतीतच परतलो आणि दुसऱ्या दिवशी तिथून कळंबला निघालो. रस्ता चांगला आहे, पण कारखान्यांचा हंगाम असेल तर उसाच्या ट्रॅक्टरांपासून सांभाळा. मागे दोन दोन ट्रॉल्या, वर मोठ्याने गाणी, ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. आम्ही सरळ मातीत उतरून त्यांना पुढे जाऊ देत होतो. कळंबला माझा मामेभाऊ विलासदादा राहतो. मामा गेल्यापासून शेती तोच बघतो. रस्त्याकडेच्या रानात त्याची भेंडी, आणि तिच्या पलीकडे शेजाऱ्याचा ऊस, अर्धा तुटलेला, अर्धा उभा.

दादाने आमच्या सायकली बघून कपाळावर हात मारला. "दाजी, पुण्यात गाड्या संपल्या व्हय?"

सवितावहिनीने कुळथाची शेंगोळी केली होती. जेवताना मी विचारलं, पक्षी कुठं मिळतील? दादा लगेच म्हणाला, "भेंडीच्या बांधाला पाट हाय. पाणी वाहतंय. पहाटं जाऊन बस, राघू येत्यात, धोबी येत्यात. तितं कुनी फिरकत न्हाय."

वहिनी काहीतरी बोलायला गेली. दादाने भाताचं भांडं तिच्याकडे सरकवलं आणि विषय बदलला. मी ते पाहिलं आणि घरातली काहीतरी कुरबुर असेल म्हणून सोडून दिलं.

पहाटे अंधारातच बांधावर गेले. मिलिंद झोपला होता. वहिनीकडून मागून घेतलेला मका बीन बॅगेत भरला होता. पाटाच्या कडेने चिखलात बूट भरवत बांधापाशी आले, लेन्स बांधावर टेकवली आणि पोंचो डोक्यावरून घेऊन ओणवी बसले. समोर भेंडी, पाठीमागे पाट, त्यामागे ऊस. गारठा होता. उसात मधूनमधून सळसळ व्हायची आणि मला वाटायचं, वारा. मी इतकी खूश होते की काय सांगू. उजाडताना वेड्या राघूंची जोडी समोरच्या तारेवर येऊन बसली आणि मी जरा पुढे सरकले.

आणि किंकाळी आली.

"आगं बयाऽऽ! बिबट्याऽऽ!"

मी दचकून मागे बघितलं, कारण मलाही बिबट्या बघायचा होता! मागे काही नव्हतं. समोर भेंडी तोडायला आलेल्या बायका एकमेकींना धरून मागे सरत होत्या, आणि सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. कुणी पत्र्याचा डबा बडवायला लागलं. रस्त्यावरून दोघं-तिघं काठ्या घेऊन धावले. एक ढेकूळ माझ्या खांद्याला लागून फुटलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी पोंचोसकट उभी राहिले, हात वर केले आणि ओरडले, "अहो, मारू नका! मी बाई आहे!"

उगारलेल्या काठ्या खाली आल्या. मग एक म्हातारा काठीवर रेलून म्हणाला, "आयला, बोलतंय की ह्ये."

मग जो हशा पिकला! बायका बांधावर बसून डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. मलाही हसू आवरेना. तोवर आरडाओरडा ऐकून दादा पळत आला, मागून मिलिंद, एका पायात चप्पल. काय झालं ते कळल्यावर दादा सगळ्यांपेक्षा मोठ्याने हसला. जरा जास्तच मोठ्याने.

"बघा! ह्योच तुमचा बिबट्या!" तो बायकांना म्हणाला. "पुण्याची पाव्हणी. माझी बहीन. आता तरी इस्वास बसला का?"

तेव्हा मला कळलं की या बायका परवाची तोडणी टाकून पळाल्या होत्या. उसाच्या कडेला काहीतरी बघितलं म्हणून घाबरून बसल्या होत्या. भेंडी दिवसाआड तोडावी लागते. एक पाळी चुकली की ती निबर होते, बाजारात कुणी हात लावत नाही. आज दादाने मिनतवाऱ्या करून त्यांना बोलावलं होतं.

"अनू, सांग गं त्यास्नी," तो म्हणाला. "दाव घालून."

मी पोंचो परत डोक्यावरून घेतला, ओणवी बसून दाखवलं. "हो हो, मीच ती," म्हटलं. पुन्हा हशा. माझ्यामुळे यांची भीती गेली, बरं झालं, असंच मला वाटलं. बायका उठल्या. भेंडीची कुसळं टोचतात म्हणून त्या लुगड्यावर पुरुषी शर्ट घालतात, हातात मोजे चढवतात. मोजे चढले. पहिल्या दोघी सऱ्यांत शिरल्यासुद्धा.

त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या, मंगलमावशी, तेवढ्या थांबल्या होत्या. मोजा चढवता चढवता त्यांनी सहज विचारलं, "ताई, तुमी कवा आला?"

"काल संध्याकाळी."

"मंग परवा कोन व्हतं?"

सऱ्यांतल्या दोघी जागच्या जागी थांबल्या.

"मावशी, कुत्रं असंल," दादा म्हणाला. "उसातनं कोल्हा पळाला तरी तुमाला बिबट्याच दिसतोय. चला, ऊन व्हईल."

मी बॅग आवरायला पाटाकडे वळले. वळले ती तशीच उभी राहिले. चिखलात ठसे होते. गोल, नखं नसलेले, माझ्या तळहाताएवढे. उसातून पाटात आणि पाटातून परत उसात. मी लेन्स लावायला गेले तर एवढ्या जवळचं तिला दिसतच नाही. शेवटी फोन काढला, मापासाठी पाण्याच्या बाटलीचं झाकण शेजारी ठेवलं. घाईत पहिले फोटो नुसते चिखलाचे आले.

दादा मागे येऊन उभा राहिला. त्याने ठसे बघितले. त्याला नवल वाटलेलं दिसलं नाही, आणि त्याचाच मला सगळ्यात आधी धक्का बसला.

"अने, गप ऱ्हा," तो अगदी हळू म्हणाला. "जुनं असत्याल. आज तोडली न्हाय तर समदा प्लॉट जातोय." आणि ठसा पुसायला त्याने पाय उचलला.

माझा राग इतका उसळला की मी त्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागे ढकललं. माझ्यापेक्षा मोठा भाऊ आहे तो. आयुष्यात कधी उलटून बोलले नव्हते.

"जुने? नीट बघ," मी म्हटलं. "हा माझा बूट आहे. मघाशी अंधारात उमटलेला. आणि पंजा बुटाच्या वर आहे."

तो वाकला. माझ्या बुटाच्या नक्षीवर मधोमध तो पंजा होता. म्हणजे मी पोंचोखाली राघूंची वाट बघत बसले होते, तेव्हा तो माझ्या पाठीमागे पाटात येऊन परत गेला होता. दादाचं तोंड पांढरं पडलं. तो तिथंच बांधावर खाली बसला.

मी बायकांना हाक मारली. म्हटलं, मघाशी मी जे बोलले ते खोटं होतं असं समजा, आधी बाहेर या. मंगलमावशींनी येऊन ठसा बघितला. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, मोजे काढून कमरेला खोचले आणि सगळ्यांना घेऊन रस्त्याला लागल्या. भेंडी तशीच उभी राहिली.

वनखात्याला फोन वहिनीने केला. "मी रात्रीच सांगनार व्हते," एवढंच ती मला म्हणाली. माणसं आली, ठसे मोजले, बिबट्याच आहे म्हणाली. ऊस तुटायला लागला की त्याची लपायची जागा जाते, मग तो असा कडेच्या रानात फिरतो. त्यांनी बजावलं, काही दिवस उजाडल्याशिवाय शेतात जाऊ नका, एकेकटे जाऊ नका, वाकून काम करताना एकाने उभं राहून आवाज करत राहा. भेंडी तोडणाऱ्या बाईचं सगळं काम वाकूनच असतं. निघताना त्यातल्या एकाने माझ्या पोंचोकडे बघून हात जोडले आणि म्हणाला, "मॅडम, एवढं कृपा करून गुंडाळून ठेवा." दादा दिवसभर माझ्यासमोर आला नाही.

त्यापुढची सहल सांगण्यासारखी असूनही मला नीट आठवत नाही. भिगवणला सकाळी होडीतून रोहित बघितले. होडीचं भाडं किनाऱ्यावरच ठरवून घ्या, आणि नावाडी सांगेल तिथेच थांबा, पक्ष्यांवर होडी घालायला लावू नका. सगळा थवा एकदम उठला आणि पंखांखालचा गुलाबी रंग उघडा पडला, तेव्हा मिलिंदने स्वतःहून तोफ माझ्या हातात दिली. फोटो चांगले आले असते, पण मी अर्धा वेळ किनाऱ्यावरच्या गवताकडेच बघत होते. हायवेवरच्या हॉटेलात चिलापी मासा खाल्ला, तळलेला, झणझणीत. मग सरळ बारामतीपर्यंत सायकल मारली.

घरी आल्यावर फोटो बघत बसले. आता गिअरचं विचारणाऱ्यांना एवढंच सांगते: मोठी लेन्स घ्या, पश्चात्ताप होणार नाही. बीन बॅग घ्या. उसाच्या पट्ट्यात ठिपक्याठिपक्यांचं काही अंगावर घेऊ नका. लाल, निळा, दुरून माणूस कळेल असा रंग घाला. आणि जिथे बसणार तिथलं आधी बायकांना विचारा, मालकाला नव्हे.

हे लिहायला घेतलं त्याच संध्याकाळी दादाचा फोन आला. बराच वेळ तो हवापाण्याचं बोलला. निबर झालेली भेंडी जनावरांना घातली म्हणाला. मग मुद्द्यावर आला.

"अने, मला झोप न्हाय लागत. मीच तुला धाडलं तितं. तुझा बूट बघितला आन् माझं हातपाय गेलं. तुला काय झालं असतं तर?"

मला भरून आलं. त्याच्यावरचा राग तेवढ्यापुरता विरघळलासुद्धा. पण मग ते चढवलेले मोजे डोळ्यांपुढे आले.

"दादा, मी एक दिवस बसले होते," मी म्हटलं. "मंगलमावशी दिवसाआड तिथंच असतात. तेव्हा लागत होती झोप?"

तो एकदम म्हणाला, "न्हाय... म्हंजी, लागत व्हती," आणि त्याने फोन ठेवला.

आज सकाळी वहिनीचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला. फोटो नव्हता, नुसतंच लिहिलं होतं: "ऊन पडल्यावर बायका आल्या. हे त्यांच्या पुढं डबा वाजवत सरीत शिरलेत. सारखं उसाकडं बघत्यात, पण वाजवत्यात."