आश्लेषा जोग, सालामांका

संजीवनी ओगले ही बाई कुणाच्या डोळ्यांत भरू नये याची काळजी तिने स्वतःच आयुष्यभर घेतली आहे. सिंगापूरच्या तोआ पायोहला बाराव्या मजल्यावर राहते, एका शिपिंग कंपनीच्या अकाउंट्समध्ये काम करते, मंडळाच्या गणपतीत उकडीचे मोदक वळते, आणि ग्रुप फोटोची वेळ आली की "थांबा, मी काढते" म्हणत फोनमागे जाऊन उभी राहते. मंडळाचे इतक्या वर्षांचे फोटो माझ्याकडे आहेत, त्यांतला एक सोडला तर कशातही ती नाही. मला अशा माणसांचा राग येतो. तिच्यावर माझा जीव आहे, म्हणून तिचा जरा जास्तच येतो.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत मला वाटायचं, की या बाईचं मला सगळं माहीत आहे. एका शनिवारी आम्ही दोघी तिच्या घराखालच्या हॉकर सेंटरमध्ये कॉफी पीत बसलो होतो. शेजारच्या नूडल्सच्या स्टॉलवर एक वयस्कर परदेशी जोडपं घोटाळत होतं. त्या बाईंना कोळंबी चालत नसावी. त्या खुणा करून विचारत होत्या, आणि स्टॉलवाला अंकल "नो prawn लाह, नो prawn" म्हणत ज्या सूपकडे बोट दाखवत होता, त्यात कोळंबीची डोकी तरंगत होती. संजीवनीने कप खाली ठेवला, उठली, आणि त्या बाईंशी बोलायला लागली. घडाघडा, हातवारे करत, मधेच हसत. मला एक अक्षर कळलं नाही. आवाज तिचाच होता, पण इतका मोकळा मी तो कधी ऐकला नव्हता.

ती परत आली आणि काहीच न झाल्यासारखी उरलेली कॉफी प्यायला लागली.

"हे काय होतं?" मी विचारलं.

"स्पॅनिश."

"तुला स्पॅनिश येतं?"

"यायचं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"कुणी विचारलं नाही गं," ती म्हणाली. तिच्याकडे हे उत्तर कायम तयार असतं.

पुढच्या रविवारी ईस्ट कोस्टला समुद्राकाठी चालताना मी तिच्याकडून सगळं काढून घेतलं. तिचे वडील, दीनानाथ जोग, पुण्यात शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे. मुलगी आश्लेषा नक्षत्रावर जन्मली, तेव्हा नातेवाइकांनी माना हलवल्या. आश्लेषा म्हणजे सासूला जड, हे आपल्याकडे पत्रिका बघणारं कुणीही सांगेल. लग्न जमताना अडचण नको, म्हणून अशा मुलीचं नक्षत्र लोक दडवतात. जोगमास्तरांनी उलटंच केलं. त्यांनी मुलीचं नावच आश्लेषा ठेवलं, की दडवायला काही उरूच नये. "आकाशातल्या ताऱ्यांना कुठली आलीये सासू," असं ते म्हणायचे.

तर ही आश्लेषा जोग कॉलेजात असताना स्पॅनिश शिकायला लागली आणि त्या भाषेत अक्षरशः बुडाली. शिकवायला स्पेनहून आलेल्या एक बाई होत्या. त्यांच्या भाषेत 'श' नाही, आणि 'ज' लिहिलेला दिसला की त्या 'ह' वाचतात. हजेरी घेताना त्या म्हणायच्या, "आस्लेसा होग!" सगळा वर्ग हसायचा. हिला मात्र ते नाव आवडायचं. आपण तिथे गेलो की हेच नाव लावू, असं तिने मनाशी ठरवूनही टाकलं होतं. आणि जायचं जवळपास नक्कीच झालं होतं. पदवीला पहिली आली, सालामांकाच्या विद्यापीठात वर्षभराच्या अभ्यासक्रमाला जागा मिळाली, शिष्यवृत्तीही मिळाली. त्याच उन्हाळ्यात दिलीप ओगल्यांचं स्थळ आलं. मुलगा सिंगापूरला इंजिनियर, माणसं चांगली, आणि मुलगा खरोखरच चांगला. सगळे म्हणाले, सिंगापूरहून जाता येईल की स्पेनला, तिथून काय, सगळं जगच जवळ.

ओगल्यांनी पत्रिकेकडे काणाडोळा केला. सासूबाईंनी एकच गोष्ट मागितली. ते नाव आपल्या घरात उच्चारलं जाऊ नये. लग्नात नवऱ्यामुलाने ताम्हनातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहिलं, संजीवनी. सासूबाईंनीच ते निवडलं होतं. आपल्या जिवाला धोका असलेल्या मुलीचं नाव त्यांनी संजीवनी ठेवलं, आणि मानलं पाहिजे, ते लागू पडलं. सासूबाई आता अठ्ठ्याऐंशीच्या आहेत.

"आणि तुझे वडील?" मी विचारलं. "एवढे ताऱ्यांवर बोलणारे?"

"बाबा तिथेच होते," ती म्हणाली. "नाव वाचून म्हणाले, छान आहे."

एका दुपारीत बाईचं नाव गेलं, मधलं नाव गेलं, आडनावही गेलं. आपल्याकडे हे इतकं नेहमीचं, की कुणी मागे वळून बघतही नाही. माझं स्वतःचं साधना हे नाव तेवढं वाचलं, कारण नवऱ्याला दुसरं सुचलं नाही. सिंगापूरला आल्यावर हिचं पहिलं वर्ष घर लावण्यात गेलं, मग नोकरी, मग गार्गी, मग सासऱ्यांच्या माघारी सासूबाई कायमच्या इकडे आल्या. स्पेन जिथे होतं तिथेच राहिलं.

गेल्या वर्षी गार्गी आपल्या युनिव्हर्सिटीतर्फे एका सेमिस्टरसाठी परदेशी जायला निघाली, आणि यादीतल्या सगळ्या शहरांमधून तिने सालामांका निवडलं. आईने सुचवलं नव्हतं. पोरीला तिथला चौक फोटोत आवडला होता, एवढंच. तिथून ती रोज फोन करायची, आणि संजीवनी तिला विचारायची, अमुक गल्ली कुठे लागते, नदीवरचा जुना पूल वसतिगृहापासून लांब आहे का. कधी न पाहिलेल्या गावाचा नकाशा हिला तोंडपाठ होता. एकदा गार्गी म्हणाली, "Mummy, you know this place better than me. इथे एक कोर्स आहे, one year, स्पॅनिश शिकवणाऱ्यांसाठी. No age limit. Just apply lah."

मला वाटलं, ही नेहमीसारखी "छे गं, आता कुठे" म्हणेल. पण आठवड्याभरात तिने अर्ज केला. दिलीप म्हणाला, "जा की. आईचं मी बघेन, आणि वरणभात मला येतो." मग आमचं ईस्ट कोस्टचं फिरणं म्हणजे स्पॅनिशचा तास झाला. ही समुद्राकडे बघत क्रियापदं चालवायची, सायकलवाले वळून बघायचे, आणि मी काहीही न कळता "वा" म्हणायचे. एकावन्नाव्या वर्षी बाई उजळल्या होत्या. मंडळाच्या कोजागिरीला तर ती चक्क फोटोत उभी राहिली. कडेला का होईना, पण उभी राहिली.

मुलाखत व्हिडिओ कॉलवर होती, आपल्याकडच्या दुपारी. नेमक्या त्याच आठवड्यात सासूबाई हॉस्पिटलमधून घरी आल्या होत्या. हृदयाचं दुखणं होतं, जपायला सांगितलं होतं, एकटं ठेवायचं नव्हतं. दिलीप ऑफिसला, म्हणून मी रजा टाकून गेले. ठरलं असं होतं, की मी त्यांना आतल्या खोलीत बोलण्यात गुंतवायचं. पण आजी कसल्या ऐकतात. त्यांनी इरकली नेसली, हॉलमध्ये येऊन खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "आमची संजीवनी स्पेनशी बोलणार, आणि मी आत काय पडून राहू? मला बघू दे." त्यांना खरंच अभिमान वाटत होता. मी हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं त्यात त्यांना दोष देऊन मी मोकळी झाले असते, तर मला बरं वाटलं असतं.

पडद्यावर पांढऱ्या केसांच्या एक प्राध्यापिका होत्या. सुरुवात झकास झाली. दोघी हसत होत्या, संजीवनीचे हात हवेत चालले होते. आजी माझ्या कानात म्हणाल्या, "बघ, कशी बोलते." मग त्या बाईंनी एक कागद वर धरला, चष्मा सारखा केला आणि वाचलं, "आस्लेसा दिनानात होग."

मला ते नाव ओळखू आलं. आजींनीही मान वर केली. त्यांच्या कपाळावर बारीकशी आठी आली, कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय अशी. संजीवनीने मागे वळून एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे वळून ती हळू आवाजात तीनच शब्द बोलली. त्या बाईंचा चेहरा पडला. त्यांनी कागद खाली ठेवला, छातीवर हात ठेवून काहीतरी म्हणाल्या, मग पुन्हा कागदाकडे बघून आणखी काहीतरी. संजीवनीने मान हलवली. त्यानंतरचं सगळं बोलणं खालच्या सुरात झालं आणि लवकरच संपलं.

"काय गं," आजींनी विचारलं, "त्यांच्याकडे कुणी गेलं का?"

"हो," संजीवनी म्हणाली. "एक ओळखीची होती." आणि चहा टाकायला आत गेली.

खरं काय झालं, ते मला स्वयंपाकघरात कळलं. त्या बाईंनी विचारलं होतं, की अर्ज संजीवनी ओगल्यांचा आहे, मग ही पदवी कुणाची, आस्लेसा कोण? त्यांच्याकडे लग्न झालं म्हणून बाईचं नाव बदलत नाही. आडनावाचं एक वेळ त्यांनी समजून घेतलं असतं, पण सबंध माणूसच बदललेला बघून त्यांनी सरळ प्रश्न विचारला. आणि हिने सांगितलं, 'या नो एस्ता'. ती आता नाही.

"मला म्हणायचं होतं, की ते नाव आता नाही," संजीवनी म्हणाली. "मराठीतून आलं गं तोंडात. तिकडेही त्याचा अर्थ तोच होतो, माणूस गेलं असा. बोलल्यावर लक्षात आलं."

"मग सांगायचंस ना लगेच, की ती मीच!"

"सोय यो," ती म्हणाली. "मी आहे. दोनच शब्द. आईंना कळलेही नसते. पण आई मागेच बसल्या होत्या, आत्ताच दुखण्यातून उठलेल्या. माझा त्या नक्षत्रावर काडीचा विश्वास नाही, साधना. तरीही ते नाव माझं आहे, असं या घरात म्हणायला जीभ वळलीच नाही."

आठ दिवसांनी विद्यापीठाची मेल आली. भाषा फार सौम्य होती. चुकून दुसऱ्या व्यक्तीची पदवी जोडली गेलेली दिसते, आपली स्वतःची अमुक तारखेपर्यंत पाठवावी. दिलीपने सगळी चौकशी केली. एक प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला, एका दिवसाचं काम होतं. गार्गी तर तिकडून म्हणाली, "मी स्वतः ऑफिसात जाऊन सांगते, that's my mother, she's very much alive." संजीवनी सगळ्यांना "करते" म्हणत राहिली. तारीख गेली. मी तिच्याशी पंधरा दिवस बोलले नाही.

मग न राहवून एका शनिवारी मीच तिला त्या हॉकर सेंटरमध्ये बोलावलं आणि तोंडाला येईल ते बोलले. भित्री म्हटलं, आळशी म्हटलं, पोरीपुढे काय उदाहरण ठेवलंस म्हणून विचारलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "रोज चुटपुट लागते. रात्री त्या पुलावरून चालत असते मी. पण ते प्रतिज्ञापत्र लिहायला बसले, की हात थांबायचा."

"का पण?"

"त्या बाईंनी मग काय विचारलं, ते तुला सांगितलंच नाही मी. मार्क बघून म्हणाल्या, केवढी हुशार मुलगी होती, तुमच्या जवळची होती का? मी हो म्हटलं. त्यांचे डोळे भरून आले गं. खरंच भरून आले. आता त्यांना लिहून कळवायचं, की तसं काही नाही, उगीच रडलात?"

"अगं, पण ती खरंच गेलेली नाहीये ना!"

संजीवनीने कप हातात धरला, पण प्यायली नाही.

"इतक्या वर्षांत तिच्यासाठी कुणीतरी रडलं, साधना," ती म्हणाली. "ती गेली त्या दिवशी आमच्याकडे पेढे वाटले होते."