पाण्याच्या रेषांचे सर

कॉम्प्युटरवर गणित सुरू केलं की रेषावाले सर माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "बनी तो बनी, नही तो परभणी!" अहो, आपण परभणीतच बसलोय, हे त्यांना कोण सांगणार? आता ते नाहीत. तरी गणित सुरू करताना माझी मान आपोआप मागे वळते.

सर आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे, पेडगावहून मोटारसायकलवर यायचे. पाण्याची वाफ प्रकाशातले ठरावीक रंगच गिळते आणि वर्णपटात तिथे काळ्या रेषा उमटतात. कोणती रेषा किती गडद, हे गणितातून काढायचं आणि प्रयोगशाळेत मोजलेल्या आकड्यांशी ताडून पाहायचं, हा त्यांचा जन्माचा नाद. मी त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी. ऐन मे महिन्यात घाम पुसत म्हणायचे, "नळाला पाणी न्हाई, आन आपण पाण्याचं गणित करायलोत. लोक हसणार न्हाईत तर काय!"

आकडे जुळले की दुसरे लोक पेढे वाटतात. सरांच्या कपाळावर आठी पडायची. एकदा माझ्या रेषा मोजमापाशी इतक्या सुरेख जुळल्या की मी नाचायचीच बाकी होते. सरांनी विचारलं, "हे मोजलेले आकडे कुठून घेतलेस?" मी सांगितलं. "अगं, ह्याच आकड्यांवरून तर आपण सूत्र बेतलं! आईनंच पोराचा पेपर तपासला तर पोरगं पहिलं येणारच की." सगळं काम पहिल्यापासून करावं लागलं. मी कितीतरी दिवस त्यांच्याशी धड बोलले नाही.

पुढे सरांची किडनी गेली, डायलिसिस सुरू झालं. त्यातच एक रेषा आमच्या जिवावर उठली. आमच्या गणितात ती गडद यायची, जुन्या मोजमापात मात्र जेमतेम दिसायची. बाकी सगळ्या जुळल्या होत्या. मी म्हटलं, "सर, ही एवढी वगळून पेपर पाठवू या. तुमच्या डोळ्यांदेखत छापून येईल." मला दुसरं काही नकोच होतं हो.

"पेपर माझ्यासाठी लिहायलीस का पाण्यासाठी?" ते उशीला टेकून म्हणाले. "प्रयोगशाळेवाल्यांना नव्यानं मोजू दे. आन आपण चुकलो असलो तर तेच मला आधी सांग."

परदेशातली एक प्रयोगशाळा पुन्हा मोजायला तयार झाली. सर रोज विचारायचे, "आलं का गं?" नवं मोजमाप यायच्या आधीच सर गेले.

मग मोजमाप आलं. रेषा फिकटच होती. आम्ही चुकलो होतो. कॉलेजातले म्हणाले, "बरं झालं, सरांना कळलं नाही." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. अरे, या माणसाला तेच तर ऐकायचं होतं!

परवा चूक सापडली. ती फिकट रेषा शेजारच्या दमदार रेषेकडून उसनं बळ घेते. दोघींच्या ऊर्जेतलं अंतर आम्ही किंचित कमी धरलं होतं, म्हणून आमच्या गणितात ती भलतीच गडद व्हायची. मी तडक सरांच्या घरी फोन लावला. काकूंनी उचलला.

"काकू, चूक सापडली," मी म्हटलं.

काकू म्हणाल्या, "थांब, त्यांच्या फोटोपुढं फोन धरते. तूच सांग."

मी सांगायला लागले. अर्ध्यावर सवयीनं थांबले. इथे सर नेहमी विचारायचे, "कशावरून?"