हसून दाखव म्हणणाऱ्या आक्का

नवऱ्याचं तोंड एका बाजूला वाकडं झालं, तेव्हा ते मला वेडावताहेत असं समजून मीही त्यांना वेडावून दाखवलं. पन्नाशी गाठलेली, दोन जावई आलेली बाई, हातात उलथनं आणि जीभ बाहेर! ती बया आज भेटली तर कानाखाली वाजवीन.

आणि शेजारी कोण, तर गंगाक्का! खानापूरच्या सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त होऊन वडगावात आमच्या भिंतीला भिंत लावून राहिलेल्या. निवृत्त कसल्या! सकाळी दारात रांगोळी घालावी, तर या डोक्यावर उभ्या. "हसून दाखव. दोन्ही हात वर कर. नाव सांग." तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, जीभ जड झाली, की तडक मोठा दवाखाना, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं की आमच्या साड्या विणायच्या मागावरचे गडी त्यांना बघून लांबूनच हात वर करायचे. हळदीकुंकवाला आल्या तरी माझ्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळणार, ताटातलं लोणचं उचलून ठेवणार. बरं वाटतंय म्हणून ह्यांनी बीपीची गोळी सोडली, तर रोज भिंतीपलीकडून हाक, "आण्णा, गोळी घेतलीसा का? न्हायतर मी येते बगा!" मी त्यांची नक्कल करायची आणि हे पोट धरून हसायचे.

त्या सकाळी मागावर धागा तुटला आणि ह्यांना गाठच मारता येईना. जन्मभर न बघता गाठ मारणारा माणूस! आत येऊन पोह्यांसमोर बसले, काहीतरी पुटपुटले, तोंड वाकडं. मी वेडावलं. मग ह्यांच्या हातातला घास सांडला तेव्हा जागी झाले. जागी होऊन केलं काय? अंगावरून वारं गेलं म्हणत उजव्या हाताला कोमट तेल चोळत बसले. आक्कांना हाक? छे! जन्मभर बोलून दाखवतील.

कढीलिंब मागायला आक्का आपणहूनच आल्या. ह्यांना एकदा पाहिलं, रिक्षासाठी ओरडल्या आणि माझ्याकडे वळल्या. "कवा झालं?"

"आत्ताच, आक्का."

त्यांनी ताटाकडे बघितलं. "पोहे खडखडीत वाळल्यात. खरं सांग गं. डागदर पयलं हेच इचारणार, त्येच्यावर औषध ठरतंय."

"नऊला... तासाच्या वर झालं."

"अगं भवाने!"

दवाखान्यात डोक्याचं स्कॅन झालं, वेळ विचारली, मी नऊ सांगितले. मेंदूतली गुठळी विरघळवायच्या औषधाची मुदत अजून सरली नव्हती, ते लगेच दिलं. तिसऱ्या दिवशी ह्यांची बोटं हलली.

बाहेर बाकावर मी आक्कांचा पदर धरून रडले. "लाज वाटली हो आक्का, म्हणून खोटं बोलले."

त्यांनी पदर सोडवून घेतला. "लाज वाटली न्हवं? मग हीच गोष्ट गल्लीत घराघरात जाऊन सांग. माझं ऐकत न्हाईत मेले. तुला हसायला तरी दार उघडतील."