विहिरीपासून दहा पावलांवर

तीस वर्षं मी तोंडाला रंग लावून उभा राहिलो. राजा झालो, कपटी मामा झालो, मिशा फुटण्याआधी दोनदा राणीही झालो. पण पहिली टाळी कधी माझी नसायची. आमच्या नांदेडच्या मंडळीचा दर्शनी पडदा वर गेला की मागे जंगल दिसायचं आणि टाळी त्या जंगलाला पडायची. ते जंगल दगडोबा पेंटरचं.

दगडोबा निलंग्याजवळच्या एका खेड्यातल्या बौद्ध वस्तीतला. आम्ही देगलूर, मुदखेड, निलंगा अशा जत्रा करत फिरायचो आणि पावसाळ्यात पडदे रंगवायला त्याच्या गावी जायचो. पडदा जमिनीवर अंथरायचा, त्यावर अनवाणी चालत तो रंगवायचा. मागे रंगाची बादली घेऊन त्याची लेक पंचशीला. त्याचा एकच नेम होता, डोळ्यांनी पाहिलं नाही ते काढायचं नाही. आम्हाला वाघ हवा होता. नांदेडला सर्कस येईपर्यंत त्याने आम्हाला थांबवलं. मग दोन दिवस पिंजऱ्यापुढे बसला आणि नंतरच आमच्या जंगलात वाघ आला. काय वाघ होता तो! पहिल्या रांगेतली पोरं आयांच्या पदराखाली शिरायची.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. जत्राच भरेनात, तिथे नाटक कोण बघणार? मंडळीचे पेटारे एका गोदामात पडले. दगडोबा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेला आणि चौथ्या आठवड्यात दगडाची कपची त्याच्या उजव्या डोळ्यात शिरली. पुढे डावाही अधू झाला. मी भेटायला गेलो तेव्हा तो कामाच्या कडेला गुडघ्यात मान घालून बसला होता. बारा वर्षांची पंचशीला सपाट दगडांवर कोळशाने चित्रं काढत होती. शेळी, कावळा, एसटी. आया खडी फोडत होत्या आणि भुकेने रडणारी लेकरं तिच्याभोवती गप्प बसली होती.

"मास्तर," ती मला म्हणाली, "लेकरांच्या पुस्तकात चित्रं कोण काढतंय?"

असतं कुणीतरी पुण्या-मुंबईचं, असं काहीतरी मी म्हणालो. तिने मान हलवली. जणू पत्ता मिळाला.

त्यानंतरची दहा वर्षं तिने त्या पत्त्यावर चालण्यात घालवली. चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा निलंग्याला दिल्या. जुनी पुस्तकं उसनी आणून चित्रं पुन्हा पुन्हा गिरवली. पुण्याला चित्रं पाठवली, ती परत आली. पुन्हा पाठवली, पुन्हा परत आली. मधे दगडोबा वारला आणि मायलेकी लातूरला एका खोलीत राहायला आल्या. आई, पारूबाई, लोकांकडे धुणीभांडी करायची. पंचशीला दुकानांच्या पाट्या रंगवायची.

ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर वेगळा जिल्हा झाला आणि पाट्या रंगवणाऱ्यांची चंगळ झाली. जिथे तिथे 'जि. उस्मानाबाद' पुसून 'जि. लातूर' लिहायचं होतं. त्याच धांदलीत शेषेराव नावाच्या एका छापखानेवाल्याने तिसरी-चौथीच्या मुलांसाठी नव्या जिल्ह्याचं चित्रांचं पुस्तक काढायचं ठरवलं. त्याची माझी जुनी ओळख, आमची हँडबिलं तोच छापायचा. मी पंचशीलाला घेऊन गेलो. पहिलं पुस्तक जमलं तर आणखी दोन तिलाच देतो, असं तो म्हणाला. वर तिचं नावही छापणार होता.

पुस्तक दोन रंगांत होतं, काळा आणि विटकरी. काळ्या रेषांचं चित्र एका कागदावर काढायचं आणि विटकरी रंग कुठे भरायचा ते वेगळ्या कागदावर. दोन्हींचे ब्लॉक, म्हणजे छपाईचे ठसे, हैदराबादला बनायचे आणि एकावर एक छापले की चित्र पुरं व्हायचं. तिने सोळा चित्रं काढली. विटकरी रंगाचे कागद आधी तयार झाले म्हणून ते आधी हैदराबादला गेले.

काळी चित्रं बघताना शेषेराव अकराव्या पानावर थांबला. चित्राचं नाव होतं 'गावची विहीर'. बायका पाणी शेंदताहेत, गप्पा मारताहेत. आणि दहा पावलांवर, बाभळीखाली, एक बाई रिकामी घागर घेऊन उभी आहे.

"ही लांब का उभी केली?" त्याने विचारलं.

खरं सांगतो, ती लांब आहे हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. त्या गावात मी किती पावसाळे जेवलो होतो.

पंचशीला म्हणाली, ती आई आहे. बहात्तरला वस्तीचा आड आटला. पाणी उरलं ते गावच्या विहिरीला, आणि तिच्या काठावर वस्तीला चढू देत नव्हते. आई त्या बाभळीखाली उभी राहायची, कुणाला वाटलं तर तिच्या घागरीत वरून ओतायचे.

"मुद्दाम न्हाई काढलं," ती म्हणाली. "विहीर म्हणलं की मला असंच दिसतंय."

शेषेराव वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "लेकरांचं पुस्तक हाय, बाई. तिला विहिरीवर घे, हातात दोर दे. आता कुठं तसं राहिलंय?"

ती तीन दिवस बसली. चौथ्या दिवशी मी गेलो तर खोलीभर कागद पडले होते. प्रत्येकावर विहीर होती, पारूबाई होती आणि दोराच्या जागी पांढरा कागद होता.

"आईचा हात त्या दोराला लागलेला मी पाहिलाच न्हाई, मास्तर. काढू कसा?"

मला तिचं पुस्तक व्हायला हवं होतं. मी म्हणालो, "मग काढून टाक तिला. आम्ही आख्खे प्रवेश गाळायचो, नाटक थांबत नव्हतं."

मग तिने पांढरा रंग घेतला आणि माझ्यासमोर आईचं आधी तोंड पुसलं, मग खांदा, मग घागर.

विटकरी कागद आधीच हैदराबादला गेलाय, हे तिला आठवलं नाही. मला नाही, शेषेरावलाही नाही. पुस्तक छापून आलं तेव्हा अकराव्या पानावर, विहिरीपासून दहा पावलांवर, बाभळीखाली, एक विटकरी डाग उभा होता. लुगड्याच्या आकाराचा.

तिने मुद्दामच केलं, अशी शेषेरावची खात्री झाली. "मला शिकवायली का?" एवढंच तो बोलला. पुढची दोन पुस्तकं सोलापूरच्या माणसाला गेली. तिने हेच पुस्तक नमुना म्हणून पुण्याला, औरंगाबादला पाठवलं. दुसरं दाखवण्यासारखं छापलेलं तिच्याकडे होतंच काय? एका प्रकाशकाने उलट टपाली लिहिलं, रेषा चांगली आहे, पण रंग रेषेत बसवणं अजून शिकायला हवं. त्यानंतर तिने कुठे काही पाठवलं नाही. पाट्या रंगवत राहिली. गेल्या उन्हाळ्यात गेली. बसस्टँडाकडच्या दोनचार जुन्या पाट्यांवर तिचं अक्षर अजून आहे.

पण पुस्तक आलं त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. एक प्रत घेऊन मी त्यांच्या खोलीवर गेलो होतो. पारूबाईला वाचता येत नव्हतं. चहा ठेवून, हात लुगड्याला पुसून तिने पुस्तक मांडीवर घेतलं आणि एकेक पान उलटत अकराव्यावर आली. डागावर बोट ठेवलं.

"ही मी हाय," ती म्हणाली. "हितंच उभी ऱ्हायचे." मग लेकीकडे वळली. "पण तोंड का न्हाई काढलंस, बाई?"

पंचशीलाने माझ्याकडे पाहिलं.

"छपाईची चूक हाय, पारूबाई," मी म्हणालो.

पंचशीलाने पुस्तक मिटलं आणि मला चहा गाळून दिला.