चाळीस दे की, राव!

मधू गेल्याची बातमी मला कंपनीच्या गेटवरच्या वॉचमनने सांगितली आणि वर विचारलं, "तुमच्या खात्यातला तो तोंडाळ माणूस, तोच ना?" हो बाबा, तोच. तोंडाळ होता खरा. आणि शेवटच्या दिवसांत त्या तोंडातून एकच शब्द निघत होता, तोही कुणाला कळला नाही... माझा राग अजून गेलेला नाही.

आकुर्डीला कंपनीत आम्ही दोघं कॉम्प्युटरच्या एकाच टर्मिनलवर बसायचो. मुंबईच्या ऑफिसातून टेपा यायच्या. तिथलं मशीन अक्षरांना वेगळे आकडे द्यायचं, आमचं वेगळेच. चुकीच्या कोडात फाइल उघडली की पडद्यावर नुसती खिचडी. साहेब लगेच म्हणायचे, "टेप खराब आहे, परत पाठवा." मधू भडकायचा. "खराब कसली, साहेब? ती कुठल्या कोडात बोलतेय ते आधी बघा तरी!" मग एक कमांड मारून तो फाइल आकड्यांत काढायचा आणि सारखा सारखा येणारा आकडा शोधायचा. कारण कुठल्याही मजकुरात सगळ्यात जास्त असते ती दोन शब्दांमधली मोकळी जागा. आमच्याकडे तिचा आकडा वीस, मुंबईकडे चाळीस. हा चाळीस हळूहळू आमच्या बोलण्यातही शिरला. कँटीनच्या बाकावर कुणी खेटून बसलं की मधू कोपर मारायचा, "चाळीस दे की, राव!"

मग मधूला अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. उरलं एवढंच, "चाळी... चाळीस..." दापोडीची ती एक खोली, खाटेला चिकटून बसलेले नातेवाईक, वारं लागेल म्हणून खिडकी बंद. मेहुणा म्हणाला, "दाजी चाळिशी मागतायत," आणि वाचायचा चष्मा त्याच्या नाकावर चढवला. मधूने धडक्या हाताने तो उडवला. पुन्हा "चाळीस". पुन्हा चष्मा. "डोक्यावर परिणाम झालाय," मेहुण्याने निकाल देऊन टाकला. मी ओरडलो, "अहो, जागा मागतोय तो! सरा बाजूला, खिडकी उघडा!"

"तुमच्या कंपनीत चालत असेल असलं," मेहुणा म्हणाला, "इथं घरची माणसं बसलीत." आणि पडू नये म्हणून त्याने चष्मा दोऱ्याने डोक्यामागे बांधला. मायेनेच बांधला हो, त्याचाच जास्त संताप येतो. मधू माझ्याकडे बघत राहिला... दुसऱ्या दिवशी गेला. तोवर खिडकी बंदच होती.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी वहिनींनी तो चष्मा माझ्या हातात ठेवला. "ह्यांचा जीव ह्यातच अडकला होता, भावजी. तुम्ही जपा." त्या माउलीला काय सांगणार, कपाळ?

चष्मा आमच्या कपाटात वरच्या फळीवर आहे. बाकीचं सामान मी खाली काढलं. परवा बायकोने त्याच्या शेजारी साड्या रचल्या, तर मी केवढ्यांदा खेकसलो.

"एवढ्याशा चष्म्याला अख्खी फळी कशाला हवी?" ती म्हणाली.

"त्याने मागितली होती," मी म्हटलं, आणि साड्या उचलल्या.