दिव्याच्या वेळची गोळी

माझ्या मुलीला आठव्या वर्षी पहिली फीट आली, शाळेत प्रार्थना चालू असताना. तेव्हापासून तिची गोळी आमच्या देव्हाऱ्याजवळच्या फळीवर असते. संध्याकाळी दिवा लावायचा, हात जोडायचे, 'फीट नको येऊ दे' म्हणायचं आणि चिमूटभर साखरेबरोबर गोळी तिच्या हातावर ठेवायची. गोळीने गुण दिला, फीट थांबल्या. नवरा मुंबईला कामाला, त्यामुळे सगळं मीच केलं. त्याचा मला तोराही होता, खोटं कशाला बोलू?

दहावी झाली आणि पोरगी मिटत गेली. खाडीत तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला सगळ्यांच्या आधी टोपली घेऊन निघणारी ती, मागीलदारी पायरीवर नुसती बसून राहायला लागली. केस विंचरेना. तळलेला बांगडा ताटात तसाच. मी आधी ओरडले, "अगो, किती लाड करायचे तुझे?" मग नणंदेच्या सांगण्यावरून दृष्ट काढली. एक दिवस ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आई, मी नसते तर बरं झालं असतं."

दुसऱ्याच दिवशी तिला रत्नागिरीला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. नवरा फोनवर म्हणाला, "डोक्याच्या गोळ्या नकोत, सवय लागेल."

"मग तुम्ही या आणि बसा तिच्याजवळ!" म्हटलं आणि फोन ठेवला.

डॉक्टर मॅडमनी जुने कागद पाहिले, फीटच्या डॉक्टरांना आमच्यासमोरच फोन लावला. मग म्हणाल्या, "उदासीवर गोळी देऊ, फीट असलेल्यांना चालणारी, कमी डोसने. पण एक शंका आहे. हिची फीटची गोळी काही मुलांना उदास करते. ती हळूहळू कमी करून दुसरी सुरू करता येईल. मधल्या काळात फीट येण्याची भीती मात्र आहे."

माझं डोकंच फिरलं. "म्हणजे इतकी वर्षं मी माझ्या हाताने हिला हे घातलं?"

"तसं नाही हो ताई. त्या गोळीनेच फीट थांबल्या. आणि हेच कारण असेल, असं छातीठोक सांगताही येत नाही."

"मग राहू दे तीच! विहिरीवर फीट आली तर? रस्त्यात आली तर?"

मुलगी इतका वेळ खाली बघत होती. "आई," ती म्हणाली, "फीट आली की मला काहीच कळत नाही. तुला कळतं, तू रडतेस. हे उदास असणं मात्र मला कळतं. रोज. दिवसभर."

एवढी वर्षं मी फीटवर डोळा ठेवून बसले होते आणि पोर माझ्यासमोर झिजत होती. मी मॅडमना म्हटलं, "बदला."

त्या संध्याकाळी दिवा लावला. जुनी गोळी, कमी केलेली, आणि शेजारी नव्या दोन. हात जोडले आणि सवयीने तेच तोंडात आलं, फीट नको येऊ दे. ते अर्ध्यावरच अडलं. आली तर येऊ दे, पण माझी पोर हसू दे, असं कुठल्या आईच्या तोंडून निघेल हो? मी नुसती रडत उभी राहिले.

"आई, दे ना," म्हणत तिने मागून हात पुढे केला. साखर घ्यायची मी विसरले होते. तिने गोळ्या तशाच गिळल्या.